दोन भाषांचा शिक्षक : बुऱ्हाणपूरच्या निमित्ताने सेवेतील शिक्षकांच्या द्विभाषिक शिक्षणाचा इतिहास

प्रास्ताविक

आपल्या देशात शाळेच्या माध्यमावर जेवढा वाद झाला, त्याच्या दशांशानेही शिक्षकाच्या भाषेविषयी विचार झालेला नाही. मुलाला मातृभाषेतून शिकवावे की राज्यभाषेतून, उर्दू शाळा टिकवाव्यात की मराठी शाळेत जावे, इंग्रजी कितवीपासून असावी, या प्रश्नांवर आयोग नेमले गेले आणि अहवालांचे ढीग साचले. परंतु ज्या शिक्षकाला वर्गात उभे राहून एकाच तासात दोन किंवा तीन भाषा वापराव्या लागतात, त्याला हे काम शास्त्रशुद्ध रीतीने शिकण्याची सोय कुठे होती, ती कुणी केली आणि ती पदवीच्या दर्जाला का पोहोचली नाही, हा इतिहास सलगपणे मांडलेला फारसा दिसत नाही. प्रस्तुत निबंधात तो बुऱ्हाणपूर या एका शहराला समोर ठेवून मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बुऱ्हाणपूरच का, असे कुणी विचारेल. हे शहर आज मध्य प्रदेशात आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडमधून वेगळा होऊन तो स्वतंत्र जिल्हा झाला. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेने रावेर ओलांडले की राज्य बदलते, पाठ्यपुस्तक मंडळ बदलते, शाळेची राजभाषा बदलते, पण बाजारातली भाषा मात्र बदलत नाही. ग्रिअरसनच्या भाषा सर्वेक्षणात या एका तालुक्याच्या भाषा शोधायच्या झाल्या तर अनेक खंड उघडावे लागतात. मराठी सातव्या खंडात (१९०५), कोरकू चौथ्यात (१९०६), खानदेशी नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७), निमाडी त्याच खंडाच्या दुसऱ्या भागात (१९०८), आणि हिंदी-उर्दूचा विचार पहिल्या भागात (१९१६). ज्या मुलांच्या बोलींसाठी सरकारला पाच ग्रंथ छापावे लागले, त्या मुलांसाठी शिक्षक मात्र एका भाषेत तयार केला गेला, आणि या निबंधाचा विषय तोच आहे.

जुन्या शहरातील भाषाव्यवहार

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत एक अरबी आणि एक संस्कृत शिलालेख आहे. फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजे इतिहासात राजा अली खान या नावाने ओळखला जाणारा राज्यकर्ता, याने ही मशीद बांधली. अरबी लेखात हिजरी ९९७ हे वर्ष आहे. नागरी लिपीतील संस्कृत लेखात विक्रम संवत १६४६ व शके १५११ असा काळ दिलेला असून सृष्टिकर्त्याला वंदन करून फारुकी घराण्याची वंशावळ सांगितली आहे. पुढे १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने याच मशिदीत मीर मुहम्मद मासूम नामीकरवी फारसी लेख कोरवला. एकाच इमारतीत तीन अभिजात भाषा! पर्यटक याकडे 'सर्वधर्मसमभावाचे प्रतीक' म्हणून पाहतात. ते चुकीचे नाही, पण शिक्षकाने त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहायला हरकत नाही. संस्कृत लेख हा अरबीचा शब्दशः तर्जुमा नाही. तिथीची गणना, वंदनाची रीत, वंशावळीची मांडणी हे सर्व त्या त्या भाषेच्या वाचकाला ओळखीचे वाटेल अशा पद्धतीने लिहिले आहे. आजच्या परिभाषेत ज्याला आपण द्विभाषिक मजकूर म्हणू, त्याचा हा उत्तम नमुना होय.

हा संस्कृत लेख 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये संपादित करणारे रायबहादुर हिरालाल यांची कारकीर्द मध्य प्रांताच्या शिक्षण खात्यात सुरू झाली होती, हेही जाता जाता नोंदवले पाहिजे. शाळा तपासणारा माणूस शिलालेख वाचत होता. आता असे अधिकारी दुर्मीळ झाले आहेत.

याच शहरात अब्दुर्रहीम खानखानानची दीर्घ सुभेदारी झाली. बाबराचे आत्मचरित्र चगताई तुर्कीतून फारसीत आणणारा आणि लोकभाषेत दोहे रचणारा हा सरदार, त्याच्या दरबारात भाषांतर हे रोजचे काम होते. सुफी परंपरेतील मुहम्मद बिन फज्लुल्लाह बुऱ्हाणपुरी (मृत्यू १६२०) यांचा 'अत्-तुहफतुल मुर्सला' हा छोटा अरबी ग्रंथ १५९० च्या सुमारास इथे लिहिला गेला. तो समुद्र ओलांडून सुमात्रात पोहोचला आणि पुढे जावानी भाषेत त्याचे पद्यरूपांतर झाले. तापीकाठच्या एका शिक्षकाचे पुस्तक जावातील विद्यार्थी आपल्या भाषेत शिकत होते. 'कन्जुल उम्माल'चे संकलक अली मुत्तकी यांचा जन्मही याच शहरातला.

१७६० मध्ये निजामाकडून बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, १७७८ मध्ये शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये इंग्रजी अमलात पूर्णपणे दाखल झाले. या शंभर वर्षांत मोडी लिपीतील मराठी ही कारभाराची भाषा बनली, फारसीही टिकून राहिली. १८५७ नंतर पूर्व उत्तर प्रदेशातील मऊ, आजमगड या भागांतून मोमीन विणकरांची कुटुंबे मालेगाव, भिवंडी व बुऱ्हाणपूर येथे येऊन स्थिरावली. त्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा ही पुस्तकी उर्दू नव्हती, ती पूरबी बोली होती. दाऊदी बोहरा समाजाची घरची भाषा अरबी लिपीत लिहिली जाणारी, गुजरातीच्या वळणाची 'लिसानुद्दावत'. म्हणजे ज्याला जनगणनेच्या तक्त्यात किंवा शाळेच्या दप्तरात 'उर्दू भाषक मुसलमान' असे एका रकान्यात टाकले जाते, त्याच्या आत स्वतंत्र भाषिक घरे आहेत. हा मुद्दा पुढे लक्षात ठेवावा लागेल.

हंटर आयोग : एक विसरलेली शिफारस

३ फेब्रुवारी १८८२ रोजी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय शिक्षण आयोग नेमला गेला. आपल्याकडे तो मुख्यत्वे महात्मा फुल्यांच्या निवेदनामुळे स्मरणात आहे. आयोगावर प्रथम सर सय्यद अहमद खान होते. त्यांच्या जागी पुढे त्यांचे पुत्र सय्यद महमूद आले. मुंबईकडून काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. या आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासंबंधी १७ शिफारशी केल्या. त्यांतील शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्यांच्या शिफारशींची चर्चा पुष्कळ झाली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तीन शिफारशी एकत्र वाचायला हव्यात.

पहिली अशी की, समाजाची इच्छा वेगळी नसेल तेथे प्राथमिक व मिडल शाळांतून मुसलमानांना मुख्यतः हिंदुस्थानीतून शिकवावे. दुसरी अशी की, जेथे सरकारी देशी भाषा हिंदुस्थानी नाही तेथे ती भाषा सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या मुसलमानांच्या शाळांत ऐच्छिक विषय म्हणून जोडावी. आणि तिसरी, आवश्यकता असेल तेथे मुसलमान शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नॉर्मल स्कूल किंवा वर्ग काढावेत.

या तिन्ही एका ओळीत ठेवल्या की त्यातून एक शिक्षक उभा राहतो. तो मुख्यतः हिंदुस्थानीतून शिकवील, मराठी किंवा तेथील जी सरकारी भाषा असेल ती दुसरी भाषा म्हणून शिकवील आणि या दुहेरी कामासाठी त्याचे वेगळे प्रशिक्षण झालेले असेल. आयोगाने 'द्विभाषिक शिक्षक' हा शब्द वापरला नाही, पण कल्पना तीच आहे. त्यानंतर अंमलबजावणीच्या पातळीवर जे झाले ते असे की, शिफारशी सुट्या सुट्या झाल्या. कुठे उर्दू शाळा निघाल्या, कुठे उर्दू शिक्षकांसाठी वर्ग निघाले, आणि दुसऱ्या भाषेसाठी दुसरा शिक्षक, उर्दू न जाणणारा, नेमला गेला. एकाच मुलाच्या दोन भाषा दोन वेगळ्या माणसांच्या हाती गेल्या व ती दोन माणसे एकमेकांशी बोलेनात. माझ्या मते पुढच्या सव्वाशे वर्षांच्या अडचणींचे मूळ या विभागणीत आहे.

मध्य प्रांताची रचना या विभागणीला पोषकच होती. १८६१ मध्ये हा प्रांत निर्माण झाला आणि १८६४ मध्ये निमाड त्याला जोडला गेला. प्रांताचे हिंदी जिल्हे आणि मराठी जिल्हे असे दोन भाग मानले जात. निमाड हिंदी भागात मोडला. पण बुऱ्हाणपूर तालुका हा सातपुड्याच्या खाली, तापीच्या खोऱ्यात, खानदेशाला लागून. प्रशासनाला जिल्ह्याची एक भाषा हवी होती आणि त्या सोयीत तालुका बसला नाही.

१९३७ मध्ये वर्ध्याला बुनियादी शिक्षणाची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसैन यांच्या समितीने मातृभाषा हे माध्यम व त्याच्या जोडीला हिंदुस्थानी असा आराखडा दिला. त्याच काळात मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर' योजना आली, तिच्या नावावरून व भाषेवरून मुस्लिम लीगशी संघर्ष उभा राहिला आणि १९३८ च्या पीरपूर अहवालात तो तक्रारीच्या रूपाने नोंदला गेला. या वादाच्या तपशिलात इथे जाण्याचे कारण नाही. एवढेच म्हणावेसे वाटते की शाळेचे नाव काय असावे यावर जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी त्या शाळेतला शिक्षक कोणत्या भाषांत तयार व्हावा यावर दोन्ही बाजूंनी खर्च केली नाही.

१९५६ आणि त्यानंतर : मुलांची मोजणी झाली, शिक्षकांची नाही

स्वातंत्र्यानंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी पहिला ठोस नियम १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्री परिषदेत ठरला. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० विद्यार्थी एखाद्या भाषेचे असतील तर त्या भाषेतून शिकवण्यासाठी किमान एक शिक्षक नेमावा, असा तो नियम. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आले. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताचे पद निर्माण केले.

४०:१० हा नियम वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यात विद्यार्थी मोजले आहेत. नेमायचा शिक्षक ती भाषा 'जाणणारा' असावा एवढीच अपेक्षा आहे. भाषा येणे आणि त्या भाषेतून शिकवता येणे यांत फरक आहे, आणि दोन भाषांमध्ये ये-जा करत शिकवता येणे ही तर तिसरीच विद्या आहे. आयुक्तांच्या अहवालांतून पाठ्यपुस्तके व प्रशिक्षित शिक्षक यांच्या अभावाची तक्रार वारंवार येते. त्याचे कारण नियमाच्या शब्दांतच सापडते.

सीमेच्या अलीकडची स्थिती थोडी बरी राहिली. २७ जानेवारी १९६७ ला स्थापन झालेल्या बालभारतीने मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू व इंग्रजी अशा आठ माध्यमांत पुस्तके काढली. महाराष्ट्रातील उर्दू शाळेतल्या मुलाला गणित उर्दूत आणि भाषा म्हणून मराठी मिळत गेली. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात महाराष्ट्र व कर्नाटकातील उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण उत्तर प्रदेशापेक्षा कितीतरी अधिक दिसते, त्यामागे ही व्यवस्था आहे. मध्य प्रदेशात मराठी व उर्दू हे मंडळाच्या परीक्षेत भाषा-विषय म्हणून घेता येतात, पण विषय असणे आणि माध्यमाची पूर्ण साखळी असणे यांत अंतर आहे.

भोपाळ, पुणे आणि सोलन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नोकरीत असलेल्या शिक्षकाला पुढे शिकायचे असेल तर काय होते?

कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे म्हटले होते. याच सुमारास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली होती. पुढे त्यांनाच प्रादेशिक शिक्षण संस्था असे नाव मिळाले. अप्रशिक्षित शिक्षकांचा मोठा अनुशेष भरून काढण्यासाठी या महाविद्यालयांनी उन्हाळी वर्ग व पत्रव्यवहार यांची सांगड घातलेला बी.एड. अभ्यासक्रम चालवला. शिक्षकाने दोन उन्हाळी सुट्ट्या महाविद्यालयात काढायच्या आणि मधल्या महिन्यांत स्वतःच्याच शाळेत शिकवत टपालाने आलेले पाठ सोडवायचे. नोकरी न सोडता पदवी मिळवण्याची ही आपल्याकडची पहिली गंभीर सोय होती असे म्हणावे लागेल.

भोपाळच्या संस्थेचे कार्यक्षेत्र मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात व गोवा असे. म्हणजे जळगावचा शिक्षक आणि बुऱ्हाणपूरचा शिक्षक १९५६ ची रेषा ओलांडून ज्या एका वर्गात बसू शकत होते, तो वर्ग इथे होता. मराठी, गुजराती, हिंदी, कोकणी, उर्दू बोलणारे शिक्षक एका छपराखाली. द्विभाषिक शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा करायला याहून अनुकूल जागा शोधून सापडली नसती. तथापि अभ्यासक्रमाची रचना विषयनिहाय झाली : विज्ञान अध्यापन, गणित अध्यापन, भाषा अध्यापन. भाषा ही एका कप्प्यात गेली आणि विज्ञानाच्या कप्प्यातल्या शिक्षकाने भाषेचा विचार करण्याचे कारण उरले नाही.

दुसरी सोय म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची. ही संस्था १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झाली. डॉ. देबीप्रसन्न पट्टनायक हे तिचे संस्थापक संचालक. त्रिभाषा सूत्र राबवायचे तर शिक्षक हवेत, म्हणून १९७० मध्ये म्हैसूर, भुवनेश्वर, पतियाळा आणि पुणे येथे प्रादेशिक भाषा केंद्रे निघाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परिसरातील केंद्रात मराठी, गुजराती व सिंधी शिकवल्या जात. उर्दूसाठी १९७३ मध्ये हिमाचलातील सोलन येथे आणि पुढे लखनौला स्वतंत्र अध्यापन व संशोधन केंद्र झाले. राज्य सरकारने सेवेतील शिक्षक पाठवायचा, त्याने दहा महिने पूर्णवेळ नवी भाषा शिकायची आणि परत जाऊन ती शाळेत शिकवायची, अशी ही योजना. पगार चालू राही. देशभरातील हजारो शिक्षकांनी या मार्गाने एक नवी भारतीय भाषा आत्मसात केली. हे काम जेवढ्या कौतुकाला पात्र आहे तेवढे ते आपल्या शिक्षक-संघटनांच्या चर्चेत कधी आले नाही.

मात्र या योजनेच्या दोन मर्यादा होत्या. एक, हिंदी भाषक राज्यांनी त्रिभाषा सूत्रातील तिसऱ्या भाषेची जागा बहुतांशी संस्कृतने भरली, त्यामुळे मराठी वा तमिळ शिकून आलेल्या शिक्षकाला स्वतःच्या शाळेत त्या भाषेचा वर्ग मिळेलच असे नव्हते. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. दहा महिन्यांत शिक्षक एक भाषा शिकत असे. दोन भाषांत शिकवायचे कसे, हा त्या अभ्यासक्रमाचा विषय नव्हता. पदविका मिळे, वेतनश्रेणी बदलेल अशी पदवी मिळत नसे.

'वजाबाकी' आणि 'तफरीक'

दोन भाषांत शिकवणे म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट करू. बुऱ्हाणपूरच्या मोमीनपुऱ्यातल्या किंवा रावेरच्या उर्दू शाळेतल्या मुलाला वजाबाकी शिकवायची आहे. उर्दू पुस्तकात तिला 'तफरीक' म्हणतात, हिंदीत 'घटाना', मराठीत 'वजाबाकी'. गंमत अशी की मराठीचा 'वजाबाकी' हा शब्द 'वजा' आणि 'बाकी' या दोन अरबी शब्दांनी बनला आहे. आदिलशाही-निजामशाहीच्या हिशेबी दप्तरांतून तो मराठीत आला आणि शाळेच्या पाटीवर स्थिरावला. मराठी 'बेरीज'ही फारसी दप्तरातलीच. उर्दूने पुस्तकांसाठी दुसरेच अरबी शब्द निवडले. म्हणजे उर्दू बोलणाऱ्या मुलाला 'बाकी' हा शब्द घरातून ठाऊक आहे, तो मराठी संज्ञेच्या आत बसलेला आहे, पण त्याच्या उर्दू पुस्तकात तो नाही. हे ज्याला माहीत आहे तो शिक्षक एका वाक्यात तिन्ही संज्ञा जोडून देईल. ज्याला माहीत नाही तो मुलाला तीन वेगळे शब्द पाठ करायला लावील.

उलट बाजूही आहे. शिक्षक म्हणतो, 'खाली बसा'. मराठी मूल बसते, उर्दू मुलाला ऐकू येते 'रिकामे बसा'. 'तालीम' म्हटले की मराठी मुलाला आखाडा किंवा नाटकाचा सराव आठवतो, उर्दू मुलाला शिक्षण. 'शिक्षा' या शब्दाने हिंदी पुस्तक शिक्षण सांगते आणि मराठी मुलाच्या अंगावर काटा येतो. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'अभ्यास' हिंदीत सराव, मराठीत अध्ययन. लिपीचा प्रश्न वेगळाच. उर्दू उजवीकडून डावीकडे, पण त्याच ओळीतला आकडा डावीकडून उजवीकडे. दुसरीतल्या मुलाच्या वहीत उलटे आकडे दिसले तर ती बुद्धीची कमतरता असते की लिपीचा गोंधळ, हे ओळखायला अभ्यास लागतो.

ही यादी बुऱ्हाणपूरच्या कोणत्याही अनुभवी शिक्षकाला तोंडपाठ असेल. हे ज्ञान त्याने वीस-पंचवीस वर्षांत स्वतः मिळवले आहे, कुठल्याही अध्यापक विद्यालयाने ते दिलेले नाही. तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर जाते. पदव्युत्तर शिक्षणाचे खरे प्रयोजन इथे आहे. शिक्षकाला ठाऊक असलेले लिहून काढायला, तपासायला आणि पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यायला तेच शिकवते.

बाहेरचे अनुभव

अमेरिकेत २ जानेवारी १९६८ रोजी द्विभाषिक शिक्षण कायदा झाला. १९७४ मध्ये लाऊ विरुद्ध निकोल्स या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने चिनी भाषक मुलांना न समजणाऱ्या भाषेत शिकवणे म्हणजे समान संधी नव्हे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन द्विभाषिक शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासासाठी अधिछात्रवृत्त्या सुरू झाल्या. कायद्याचा उद्देश राजकीय होता, पण या एका तरतुदीमुळे विद्यापीठांत विभाग उभे राहिले आणि नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी एम.ए.ची दारे उघडली. पुढे वारे फिरले. कॅलिफोर्नियात १९९८ च्या सार्वमताने द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद केले, २००२ मध्ये मूळ कायदाही गेला आणि २०१६ च्या सार्वमताने कॅलिफोर्नियाने ती बंदी उठवली. सार्वमताच्या वादळात वर्ग बंद पडले तरी प्रशिक्षित शिक्षकांची पिढी शिल्लक होती, म्हणून ते पुन्हा उघडता आले.

संशोधनाच्या क्षेत्रात आपण मागे नव्हतो, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९६२ मध्ये पील व लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलच्या मुलांवरून दोन भाषा येणे बुद्धीला मारक नसून उपकारक असते असे दाखवले. डॉ. अजित मोहंती यांनी ओडिशातील कंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. कुई व ओडिया दोन्ही बोलणारी मुले फक्त ओडिया बोलणाऱ्या कंध मुलांपेक्षा बौद्धिक चाचण्यांत सरस ठरल्याचे त्यांना आढळले. त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये भारतीय भाषा संस्थेनेच प्रकाशित केला. पट्टनायकांचे बहुभाषिकता व मातृभाषा-शिक्षणावरील पुस्तक १९८१ चे. सातपुड्यातल्या कोरकू मुलाला हे जसेच्या तसे लागू पडते. परंतु हे ग्रंथ इंग्रजीत राहिले आणि ज्या बी.एड. वर्गात ते हवे होते तेथे 'मातृभाषेचे महत्त्व' या विषयावरची तीच ती टिपणे फिरत राहिली.

खुले मार्ग आणि अडलेली पायरी

१९८५ चे इग्नू, १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी सेवेतील शिक्षकांसाठी बी.एड. उपलब्ध करून दिले. मुक्त विद्यापीठाचे स्वयंअध्ययन साहित्य मराठीत असल्याने खेड्यातल्या शिक्षकाला त्याचा फार आधार झाला. मधल्या काळात काही विद्यापीठांच्या पत्रद्वारा बी.एड.चा बाजार झाला होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या १९९३ च्या कायद्यामागे तेही एक कारण होते. उर्दूतून उच्च शिक्षणासाठी १९९८ मध्ये हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ सुरू झाले आणि त्याचे एक अध्यापक महाविद्यालय भोपाळला निघाले. २००६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने एकलव्य, दिगंतर, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आदींच्या सहकार्याने प्राथमिक शिक्षणातील एम.ए. दुहेरी पद्धतीने सुरू केले. काही आठवडे मुंबईत, बाकी अभ्यास कामाच्या जागी. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आखलेली ही पदव्युत्तर पदवी आपल्या विषयाच्या सर्वांत जवळ येते. भाषा व भाषाशिक्षण यांना त्यात गंभीर स्थान होते.

आता या सर्व मार्गांवर बुऱ्हाणपूरच्या शिक्षकाला उभे करून पाहू. उर्दू विद्यापीठात त्याला उर्दू मिळते, मराठी नाही. नाशिकला मराठी मिळते, उर्दू नाही. राज्यातल्या बी.एड.मध्ये हिंदी मिळते. पुण्याच्या केंद्रात भाषा मिळते, अध्यापनशास्त्र नाही. मुंबईत अध्यापनशास्त्र मिळते, पण प्रमुख संदर्भसाहित्य इंग्रजीत. प्रत्येक संस्थेने आपल्यापुरते चांगले काम केले आहे. परंतु हंटर आयोगाच्या तीन शिफारशी जशा सुट्या झाल्या, तशाच या संस्थाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये 'व्यवहार्य असेल तेथवर' मातृभाषेतून शिक्षण असे म्हटले आहे. व्यवहार्य कशाने होते? शिक्षकाने. २०१५-१६ पासून बी.एड. व एम.एड. दोन वर्षांचे झाले, त्यामुळे रजा काढून शिकणे अधिकच अवघड झाले. विशेषतः शिक्षिकांना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, शिक्षकांनी द्विभाषिक पद्धती व द्विभाषिक साहित्य वापरावे, आणि बी.एड.नंतरचे छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असावेत, असे सांगितले. याच वर्षी महाराष्ट्राने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. म्हणजे उर्दू, इंग्रजी, गुजराती शाळांत मराठी शिकवणारा शिक्षक आता कायद्याने लागतो. त्याचे शिक्षण मात्र मराठी माध्यमात मराठी शिकवणाऱ्याप्रमाणेच होते. मातृभाषा शिकवणे व दुसरी भाषा शिकवणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, हे त्याला कुणी सांगत नाही.

आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांनाही या बाबतीत प्रश्न विचारला पाहिजे. १८७४ च्या मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामपासून १९४८ च्या पुण्याच्या महाराष्ट्र कॉस्मॉपॉलिटन एज्युकेशन सोसायटीपर्यंत शाळा, अध्यापक विद्यालये, महाविद्यालये यांचे मोठे जाळे उभे राहिले. उर्दू की मराठी, यावर हमीद दलवाई यांच्यापासून १९९० च्या सोलापूरच्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापर्यंत आपण हिरिरीने वाद घातला. तो वाद 'की' या एका अव्ययावर अडून राहिला. घरात दखनी वा पूरबी, मदरशात अरबी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, कचेरीत हिंदी असे जगणाऱ्या मुलाने 'की' केव्हाच सोडून दिलेला असतो. आपल्या बी.एड. महाविद्यालयांत उर्दू पद्धती व मराठी पद्धती असे दोन विषय एकाच मजल्यावर दोन खोल्यांत शिकवले जातात. त्या दोन प्राध्यापकांनी मिळून एक संयुक्त पेपर चालवायला कुठल्याही आयोगाची परवानगी लागत नाही, विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे एक प्रस्ताव ठेवावा लागतो.

अशा पेपरचे प्रबंधविषयही समोरच आहेत. पहिली ते पाचवीच्या मराठी, उर्दू व हिंदी गणित पुस्तकांतील संज्ञांचा तौलनिक कोश. 'उर्दू माध्यमा'तील मुलांच्या घरच्या बोलींची शाळानिहाय पाहणी. उर्दू लिहिणाऱ्या मुलांच्या देवनागरी लेखनातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचे वर्गीकरण. कोरकू मुलांच्या पहिलीच्या वर्गातील शिक्षकाच्या भाषावापराची नोंद. आणि चौथी-पाचवीच्या इतिहासासाठी एक पाठ : जामा मशिदीतील अरबी व संस्कृत लेख शेजारी शेजारी ठेवून, मुलांना आधी दोन्हींतली वर्षे शोधायला लावायची, मग हिजरी ९९७ आणि शके १५११ यांचा मेळ घालायला.